बांधकामाचा करारनामा : व्यवहार आणि भाषा

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण अर्ज, टिप्पणी आणि परिपत्रक या कार्यालयीन लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला. या घटकात आपण करारनाम्याकडे वळणार आहोत. करारनाम्याचे प्रकार अनेक असले, तरी येथे केवळ बांधकामाचा करारनामा अभ्यासासाठी घेतला आहे. भाड्याची चिठ्ठी किंवा कर्जरोखा यांत व्यवहाराचा विषय करार करतेवेळी अस्तित्वात असतो. घर, पैसा, वस्तू समोर असते. बांधकामात मात्र जी वस्तू द्यायची-घ्यायची, ती अजून जन्मालाच आलेली नसते. ती कागदावरच्या नकाशात आणि शब्दांत असते. म्हणून येथे शब्दांवर जितका भार पडतो, तितका अन्य कोणत्याही व्यावहारिक लेखनात पडत नाही.

मराठीच्या विद्यार्थ्याने हा विषय का अभ्यासावा, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पदवी मिळालेल्या मुलामुलींपुढे घरातील वडीलधारी माणसे पहिल्यांदा जो कागद वाचायला ठेवतात, तो बहुधा सातबारा असतो नाहीतर असा एखादा करार. आयुष्यभराची बचत ज्या घरात घालायची, त्या घराचा कागद वाचून ‘यात काय लिहिले आहे’ हे सांगता यावे, एवढी अपेक्षा भाषेच्या पदवीधराकडून ठेवणे वावगे नाही.

६.२ शब्दांचा इतिहास : गुत्ता, मक्ता, ठेका, कंत्राट

एकाच व्यवहाराला मराठीत किती नावे आहेत, हे प्रथम पाहू. पुण्या-मुंबईकडे ‘कंत्राटदार’ किंवा ‘ठेकेदार’ हे शब्द रूढ आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड या भागांत आजही सर्रास ऐकू येतो तो शब्द ‘गुत्तेदार’. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तेथील तेलुगू, उर्दू, कन्नड आणि मराठी यांच्या सहवासात हा शब्द या प्रदेशात घट्ट रुजला. तेलुगूत आजही ठेकेदाराला याच शब्दाने ओळखतात. ‘मक्ता’ हा अरबी-फारसीतून आलेला, ‘ठेका’ हिंदीशी नाते सांगणारा, तर ‘कंत्राट’ युरोपीय भाषांतून आलेला. शासकीय मराठीने यांपैकी ‘कंत्राटदार’ स्वीकारला. त्यामुळे संभाजीनगरातील एखाद्या कार्यालयात कागदावर ‘कंत्राटदार’ आणि कागदाभोवतीच्या बोलण्यात ‘गुत्तेदार’ असा दुपेडी व्यवहार चाललेला दिसतो. यात काही बिघडत नाही. मात्र करार लिहिताना एक शब्द निवडला की शेवटपर्यंत तोच ठेवावा लागतो. ललित लेखनात पुनरुक्ती टाळण्यासाठी आपण पर्यायी शब्द वापरतो. करारात तेच केले, तर ‘गुत्तेदार’ आणि ‘ठेकेदार’ ही दोन वेगळी माणसे आहेत, असा युक्तिवाद करायला वाव राहतो.

करार, शर्त, मुदत, हमी, जामीन, अनामत, बयाणा, कसूर, हरकत ही सारी शब्दसंपदा फारसी-अरबी वळणाची आहे. निविदा, देयक, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, दोषदायित्व कालावधी हे शब्द स्वातंत्र्योत्तर काळातील संस्कृतनिष्ठ परिभाषेतून आले. सेंटरिंग, स्लॅब, प्लिंथ, प्लास्टर हे इंग्रजीतून आले आणि गवंड्याच्या तोंडी मराठी झाले. प्लिंथला ‘जोते’ आणि प्लास्टरला ‘गिलावा’ असे सुंदर शब्द आहेत, परंतु ‘सेंटरिंग’ला दुसरा शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही. ज्याने काम करायचे त्याला जो शब्द कळतो, तो शब्द करारात असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

६.३ रचना करणारा आणि बांधणारा

संभाजीनगरातील बीबी का मकबरा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या प्रवेशद्वारावरील कोरीव लेखात अताउल्ला आणि हंसपत राय अशी दोन नावे येतात. पहिला वास्तूची रचना करणारा, दुसरा ती उभारणारा स्थापत्यतज्ज्ञ. या वास्तूसाठी सात लाख रुपये मंजूर झाले होते आणि प्रत्यक्ष खर्च सहा लाख अडुसष्ट हजारांच्या घरात झाला, असे सांगितले जाते. अंदाजपत्रकाच्या आत पूर्ण झालेले बांधकाम म्हणून आजच्या वाचकाला याचे अप्रूप वाटावे!

विनोद सोडून दिला, तरी त्या दोन नावांतील भेद महत्त्वाचा आहे. बांधकाम करारात किमान तीन भूमिका असतात : काम करवून घेणारा मालक, नकाशा आणि तपशील देणारा वास्तुविशारद किंवा अभियंता, आणि काम करणारा गुत्तेदार. करारावर सही मात्र बहुधा पहिल्या आणि तिसऱ्याचीच असते. भिंत वाकडी झाली तर दोष नकाशाचा की बांधणीचा, हा वाद येथूनच सुरू होतो. म्हणून नकाशाच्या प्रत्येक पानावर क्रमांक व दिनांक घालून, ‘या करारास जोडलेला नकाशा’ असा उल्लेख करून, त्यावर दोन्ही पक्षांनी सही करणे हे कराराचेच अंग मानावे. पुढे नकाशा बदलला, तर बदललेल्या पानावरही सही हवी.

६.४ एका घराचे उदाहरण

आता एक काल्पनिक पण नित्याचे उदाहरण घेऊ. सातारा-देवळाई परिसरात तीस बाय चाळीस फुटांच्या भूखंडावर एका शिक्षक दांपत्याला दुमजली घर बांधायचे आहे. सिमेंट, सळई, वाळू, विटा ते स्वतः आणणार. मजुरीचे काम एका मिस्त्रींना चौरस फुटाच्या दराने द्यायचे ठरले. दर समजा तीनशे रुपये. शंभर रुपयांच्या कागदावर नव्हे, शाळेच्या वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या गेल्या : ‘घराचे संपूर्ण बांधकाम ३०० रु. चौ. फूट दराने चांगल्या प्रतीचे करून देण्याचे ठरले. मुदत आठ महिने. पैसे कामाप्रमाणे देण्यात येतील. पाण्याची व्यवस्था करण्यात येईल.’

या चार वाक्यांत एकही शब्द कठीण नाही. तरीही जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक भांडण दडलेले आहे.

पहिला प्रश्न मापाचा. तळमजला नऊशे चौरस फूट आणि पहिला मजला नऊशे, म्हणून मालकांच्या हिशेबाने एकूण अठराशे. मिस्त्रींच्या हिशेबात गच्चीवरील जिन्याच्या टोपीचे शंभर, दोन बाल्कन्यांचे प्रत्येकी साठ आणि छज्ज्यांचे ऐंशी चौरस फूट धरलेले आहेत. म्हणजे एकवीसशे. फरक तीनशे चौरस फुटांचा, रुपयांत नव्वद हजारांचा. दोघांपैकी कोणीही लबाड नाही. छज्जा ओतायला सेंटरिंग लागते, माणसे लागतात, धोका असतो. मिस्त्रींनी त्याचे पैसे मागावेत यात गैर काय? आणि छज्ज्यावर कोणी राहत नाही, मग तो घराच्या क्षेत्रात कसा, हा मालकांचा प्रश्नही तितकाच खरा. उत्तर न्यायात नव्हे, करारातील एका वाक्यात असायला हवे होते : क्षेत्रफळ भिंतीच्या बाहेरील कडेपासून मोजायचे की आतील, आणि बाल्कनी, छज्जा, जिना, पाण्याची टाकी, शोषखड्डा, कुंपणभिंत यांचे माप कसे धरायचे.

येथे ‘ब्रास’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. वाळू, खडी, मुरूम यांसाठी एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गिलाव्यासारख्या पृष्ठभागाच्या कामात मात्र एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. एकच शब्द घनमापही होतो आणि क्षेत्रमापही. कोणते ते संदर्भावरून कळते, असे आपण म्हणतो. पण संदर्भ हा प्रत्येकाच्या डोक्यात निराळा असतो.

दुसरा प्रश्न ‘संपूर्ण’ या विशेषणाचा. संपूर्ण बांधकामात फरशी आली का? विजेच्या नळ्या भिंतीत बसवण्यासाठी खाचा पाडणे आले का? आणि पाया? संभाजीनगरच्या परिसरात काही भूखंडांवर दोन फुटांवर मुरूम वा कातळ लागतो, तर काही ठिकाणी काळ्या मातीचा खोल थर असतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पाया टेकवता येत नाही. तोंडी व्यवहारात ‘पक्के लागेपर्यंत खोदायचे’ असे ठरते. पक्के चार फुटांवर लागले तर ठीक. नऊ फुटांवर लागले तर वाढीव खोदाई कोणाच्या खर्चाने? जाणता मिस्त्री येथे सांगतो, ‘साहेब, पाच फुटांपर्यंत माझ्या दरात, पुढचे वेगळे.’ या एका वाक्यात जोखमीची वाटणी आहे. कराराच्या शास्त्रात ज्याला अतिरिक्त कामाचे कलम म्हणतात, ते याहून फारसे निराळे नसते.

तिसरे वाक्य पैशांचे. ‘कामाप्रमाणे’ म्हणजे काय? रूढ पद्धत टप्प्यांची आहे : जोत्यापर्यंत इतके, पहिल्या स्लॅबनंतर इतके, दुसऱ्या स्लॅबनंतर, वीटकाम, आतला-बाहेरचा गिलावा, फरशी आणि शेवटी काही रक्कम हाती राखून. टप्पा पूर्ण झाल्यावर पैसे द्यायचे की टप्पा सुरू करताना, हे लिहिणे आवश्यक आहे. मिस्त्रींच्या हाताखालच्या मजुरांना आठवड्याच्या बाजाराआधी पगार द्यावा लागतो, तो देयक निघेपर्यंत थांबत नाही. मालकाने रक्कम अडवली की त्याची पहिली झळ गुत्तेदाराला नव्हे, बिगाऱ्याला आणि त्याच्या घरातील बाईला लागते. मजूर मुळात कराराचा पक्ष नसतो, त्याचे नावही कागदावर नसते. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने, गुत्तेदाराने मजुरी थकवली तर मूळ मालकाने ती द्यावी आणि गुत्तेदाराकडून वसूल करावी, हे तत्त्व मोठ्या कामांपुरते आणले. वहीच्या पानावरच्या घरबांधणीत मजुराला त्याचा आधार मिळणे अवघडच असते. छोट्या करारातही ‘मजुरांची मजुरी दर आठवड्यास चुकती केल्याची नोंद गुत्तेदाराने ठेवावी’ असे एक वाक्य घालता येते. ते सहसा घातले जात नाही, ही खेदाची बाब आहे.

आणि चौथे वाक्य : ‘पाण्याची व्यवस्था करण्यात येईल.’ कोणाकडून?

६.५ कर्ता हरवलेली वाक्ये

हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने तपासू. ‘-ण्यात येणे’ ही रचना कार्यालयीन मराठीची लाडकी रचना आहे. ‘कळविण्यात येते’, ‘सूचित करण्यात येत आहे’, ‘मंजुरी देण्यात आली’. परिपत्रकात ती चालते, कारण कागदाच्या माथ्यावर कार्यालयाचे नाव छापलेले असते आणि कर्ता तेथून समजून घेता येतो. करारनाम्यात दोन पक्ष समोरासमोर उभे असतात. तेथे कर्ता लोपला की कर्तव्यही लोपते. संभाजीनगरात तर हे वाक्य अधिकच महाग पडते. शहराच्या अनेक भागांत नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. काँक्रीटला मात्र रोज पाणी लागते. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटवर किमान दहा दिवस ओलावा राखला पाहिजे. मे महिन्यात स्लॅब पडला आणि टँकर कोणी मागवायचा यावर चार दिवस वाद झाला, तर पाचव्या दिवशी वाद मिटेल, पण स्लॅबचे झालेले नुकसान मिटणार नाही.

म्हणून करारातील वाक्य कर्तरी असावे : ‘बांधकामासाठी व स्लॅब, वीटकाम आणि गिलावा यांवर मारण्यासाठी लागणारे पाणी मालक स्वखर्चाने जागेवर पुरवतील. पाणी मारण्याचे काम गुत्तेदार करतील.’ दोन वाक्ये, दोन कर्ते. आणणारा वेगळा आणि मारणारा वेगळा, हे आता स्पष्ट झाले.

क्रियापदाच्या अर्थांकडेही पाहावे. ‘करील’, ‘करावे’, ‘करावे लागेल’, ‘करता येईल’ यांत बंधनाची मात्रा वेगवेगळी आहे. ‘मालकास कामाची तपासणी करता येईल’ यात अधिकार आहे, कर्तव्य नाही. ‘मालकाने सात दिवसांत तपासणी करावी’ यात विध्यर्थ आहे, पण तपासणी केली नाही तर काय, हे सांगितलेले नाही. ‘मालकाने सात दिवसांत तपासणी न केल्यास तो टप्पा मान्य झाला असे समजले जाईल’ या वाक्यात परिणामही आला. इंग्रजी करारांत हेच काम काही ठरावीक साहाय्यक क्रियापदे करतात. मराठीत ते आख्यातांच्या योजनेने करावे लागते आणि तेथे सैलपणा चालत नाही.

अव्यये आणि लहान शब्द तर अधिकच धोक्याचे. ‘३१ मेपर्यंत’ यात ३१ मे धरायचा की नाही? ‘आठ महिने’ कधीपासून : सहीच्या दिवसापासून, भूमिपूजनापासून की महानगरपालिकेची बांधकाम परवानगी हाती आल्यापासून? ‘दिवस’ म्हणजे सर्व दिवस की कामाचे दिवस? ‘विटा, वाळू वगैरे साहित्य मालकाचे’ यातील ‘वगैरे’त सेंटरिंगच्या फळ्या, बांबू, तार आणि खिळे येतात काय? ‘वगैरे’ आणि ‘इत्यादी’ हे शब्द करारातून काढून टाकले, तर निम्मे वाद उद्भवणार नाहीत, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरता घेतो, कारण सर्व काही मोजून लिहिणेही शक्य नसते. मग निदान ‘यांत पुढील वस्तूंचा समावेश नाही’ अशी यादी द्यावी.

‘चांगल्या प्रतीचे’ हा शब्दप्रयोग मात्र पूर्णपणे टाळता येतो. सिमेंटची प्रत, काँक्रीटचे प्रमाण, सळईचा व्यास, विटेचा प्रकार, गिलाव्याची जाडी या गोष्टी मोजता येतात. मोजता येणाऱ्या गोष्टीसाठी विशेषण वापरणे हा भाषेचा आळस आहे.

जुन्या मराठी दस्तऐवजांत ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ या संज्ञा येतात, आणि मजकूर ‘कारणे करारनामा लिहून देतो की’ अशा ठाशीव सुरुवातीने उलगडतो. तिचा एक गुण आजही घेण्याजोगा आहे : देणारा कोण आणि घेणारा कोण, हे पहिल्याच ओळीत ठरते.

६.६ शासकीय कामांचे करार

शासकीय बांधकामाचा करार वेगळ्या वाटेने जातो. प्रथम अंदाजपत्रक तयार होते. त्यातील दर राज्य दरसूचीवरून घेतलेले असतात. मग निविदा सूचना निघते. येथे लक्षात ठेवावे की निविदा सूचना हा प्रस्ताव नसून प्रस्ताव मागवण्याचे निमंत्रण आहे. कंत्राटदार बयाणा रकमेसह निविदा भरतो, तो प्रस्ताव. शासन तो स्वीकारते, तेव्हा १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या अर्थाने करार जन्माला येतो. संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राज्याचा करार राज्यपालांच्या नावाने आणि प्राधिकृत अधिकाऱ्याच्या सहीने व्हावा लागतो. एखाद्या अधिकाऱ्याच्या तोंडी सांगण्यावरून काम केले, तर तो या अर्थाने करार ठरत नाही. मात्र केलेल्या कामाचा लाभ शासनाने घेतला असेल, तर करार अधिनियमाच्या कलम ७० खाली मोबदला मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात मान्य केले आहे.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागात ‘बी-१’ आणि ‘बी-२’ हे नमुने प्रचलित आहेत. बी-१ मध्ये कंत्राटदार अंदाजपत्रकापेक्षा इतके टक्के कमी किंवा जास्त, असा एकच आकडा भरतो. बी-२ मध्ये तो प्रत्येक बाबीचा दर स्वतंत्रपणे लिहितो. दोन्हींत प्रत्यक्ष झालेले काम मोजमाप पुस्तिकेत नोंदवून त्याप्रमाणे देयक निघते. याउलट ठोक रकमेच्या करारात मोजमापाची जोखीम कंत्राटदारावर जाते. वर पाहिलेला चौरस फुटाचा दर हा या दोन टोकांच्या मधला प्रकार म्हणता येईल, आणि म्हणूनच तो सर्वाधिक वादाचा.

याहून निराळा प्रकार म्हणजे बांधणे आणि चालवणे दोन्ही एकाच कंपनीकडे देण्याचा. संभाजीनगरकरांना तो अनुभवाने माहीत आहे. जायकवाडीहून शहराला पाणी आणणारी ‘समांतर जलवाहिनी’ योजना अशाच सार्वजनिक-खासगी भागीदारीत ठरली. सुमारे ७९२ कोटी रुपयांच्या या योजनेचा करार २०११ मध्ये झाला, २०१४ मध्ये पाणीपुरवठ्याचे काम कंपनीकडे सोपवले गेले आणि २०१६ मध्ये महानगरपालिकेने करार रद्द केला. पुढची काही वर्षे वादात आणि वाटाघाटींत गेली. २०२० मध्ये सुमारे १,६८० कोटींची नवी योजना हाती घेण्यात आली. तिचा सुधारित खर्च पुढे २,७४० कोटींवर गेला. दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र अशा दीर्घ मुदतीच्या करारात बांधकामाच्या अटींइतकीच करार संपवण्याची अटही काळजीपूर्वक लिहावी लागते : कोणत्या कारणाने, किती दिवसांच्या सूचनेने आणि तोपर्यंत झालेल्या कामाचे मूल्य कोणी ठरवून. वहीच्या पानावरील करारातही हीच अट नसते. मिस्त्री अर्ध्यात काम सोडून गेला, तर झालेले काम मोजायचे कोणी?

६.७ मुदतीचा प्रश्न : आळंदी नदीवरील जलसेतू

करारातील एक वाक्य दुसऱ्या वाक्याच्या प्रकाशात कसे वाचले जाते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. नाशिकच्या डाव्या कालव्यावर दुसऱ्या मैलात आळंदी नदी ओलांडण्यासाठी जलसेतू बांधायचा होता. १,०७,००० रुपयांचे हे काम हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स या संस्थेला मिळाले. ५ जुलै १९५५ पासून बारा महिन्यांची मुदत होती. जुलैत सुरू होणारे नदीवरचे काम, हे वाचूनच तुमच्या भुवया उंचावल्या असतील. अतिवृष्टी, कामाच्या जागेपर्यंत धड रस्ता नसणे अशा अडचणी कंत्राटदाराने मांडल्या. मुदत उलटली आणि ऑगस्ट १९५६ मध्ये शासनाने करार रद्द केला, अनामतही जप्त केली.

करारात तर स्पष्ट लिहिले होते की मुदत हा कराराचा गाभा समजला जाईल. करार अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे मुदत हा गाभा असेल, तर ती चुकताच दुसऱ्या पक्षाला करार रद्द करता येतो. वरवर पाहता शासनाची बाजू भक्कम होती. परंतु १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने करार सबंध वाचला. त्याच करारात विलंबाबद्दल दिवसाच्या हिशेबाने भरपाई आकारण्याची तरतूद होती आणि मुदतवाढ देण्याचीही. ज्या पक्षांनी उशीर गृहीत धरून त्याची किंमत ठरवली आहे, त्यांनी मुदत हा गाभा मानला होता असे कसे म्हणता येईल? शासनाने आधी नवी, वाजवी मुदत नेमून द्यायला हवी होती. तसे न करता केलेली रद्दबातली न्यायालयाने बेकायदेशीर ठरवली.

साहित्याच्या अभ्यासात आपण म्हणतो की ओळीचा अर्थ कवितेच्या सबंधतेत लागतो. न्यायालयानेही येथे नेमके तेच केले.

विलंबाच्या भरपाईबाबत आणखी एक गोष्ट. ‘दर दिवशी पाच हजार रुपये दंड’ असे करारात लिहिले, म्हणजे तेवढी रक्कम आपोआप मिळते, असा समज आहे. कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे. तिच्या आत जी वाजवी भरपाई ठरेल, ती मिळते. घाबरवण्यासाठी लिहिलेला मोठा आकडा न्यायालयात टिकेलच असे नाही.

६.८ सदनिका घेणाऱ्याचा करार

विकसकाकडून सदनिका घेताना करार वाटाघाटीने ठरत नाही. छापील मसुदा पुढे येतो. ही असमानता ओळखूनच महाराष्ट्राने १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम केला आणि पुढे केंद्राचा २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम आला. राज्यात ‘महारेरा’ मे २०१७ पासून कार्यरत आहे. नोंदणीकृत विक्री करार केल्याखेरीज विकसकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेत दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. ताबा वेळेवर न मिळाल्यास प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात. क्षेत्रफळही आता चटई क्षेत्रानेच सांगावे लागते, म्हणजे ६.४ मधील पहिला प्रश्न येथे कायद्यानेच सोडवला आहे. मात्र इंग्रजी व मराठी प्रतींत तफावत आढळल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य धरावी, असे कलम असेल, तर इंग्रजी प्रत वाचून घेतल्याशिवाय मराठी प्रतीवर सही करू नये.

६.९ लेखी आणि तोंडी

तोंडी करारही कायद्याने करारच असतो. तो सिद्ध करणे कठीण असते, इतकेच. परंतु एकदा करार लेखी झाला, की लिहिलेल्या अटीच्या विरुद्ध काही तोंडी ठरले होते, असे सांगून सहसा भागत नाही. ‘ते लिहायचे राहिले, पण आपले बोलणे झाले होते’ हे वाक्य संबंध चांगले असतात तोवरच उपयोगी पडते. शिवाय योग्य मुद्रांक नसलेला दस्त तुटीचे शुल्क आणि दंड भरल्याखेरीज पुराव्यात घेतला जात नाही, म्हणून वहीच्या पानाऐवजी मुद्रांकित कागद वापरावा. काम चालू असताना झालेले बदल त्याच कागदाच्या पाठीवर दिनांकासह लिहून दोघांनी सही करावी. स्वयंपाकघराचा ओटा दोन फुटांनी सरकवला, इतकी छोटी गोष्टसुद्धा. मिस्त्रींना ‘लिहून द्या’ म्हणणे म्हणजे अविश्वास दाखवणे, ही भावना आपल्याकडे खोल रुजलेली आहे. प्रत्यक्षात लेखी नोंदीचा लाभ अनेकदा मिस्त्रींनाच अधिक होतो, कारण वाढीव कामाचे पैसे त्यांनाच मागायचे असतात.

६.१० सराव

(अ) ६.४ मधील शिक्षक दांपत्याचा चार ओळींचा करार पुन्हा लिहा. मापाची पद्धत, पायाची खोली, पैशांचे टप्पे, पाणी, मजुरी, मुदतीचा आरंभ आणि काम अर्धवट सुटल्यास मोजणी या सात बाबी त्यात याव्यात. एकाही वाक्यात ‘-ण्यात येईल’ ही रचना वापरू नका.

(आ) पुढील वाक्याचे दोन परस्परविरोधी अर्थ सांगा आणि प्रत्येक अर्थासाठी निःसंदिग्ध वाक्य रचा : ‘मालकाने पुरवलेले सिमेंट व सळई यांचे नुकसान झाल्यास ते गुत्तेदारासह भरून देतील.’

(इ) आपल्या परिसरातील एखाद्या गवंड्याला किंवा मिस्त्रींना भेटून मोजणीचे, साहित्याचे आणि मजुरीचे वीस शब्द त्यांच्या उच्चारानुसार लिहून घ्या. त्यांतील कोणते शब्द शासकीय निविदेत सापडतात आणि कोणते सापडत नाहीत, ते नोंदवा. भेटीची वेळ शनिवारची संध्याकाळ शक्यतो टाळावी. तेव्हा मजुरांचा हिशेब चाललेला असतो.